जुनं सेसना १७२ विकत घेणं, सांभाळणं आणि त्यात ऑइल कुठलं घालायचं

प्रश्न थोडक्यात असा आलाय: ओहायोतले तिघे मित्र मिळून १९७८ चं सेसना १७२एन, म्हणजे एका इंजिनाचं चार सीटांचं छोटं विमान, घेतायत, तिघांकडेही प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, दोघांचं ग्रीन कार्ड झालंय आणि एकजण अजून एच-वन-बीवर आहे. विकणारा म्हणतो इंजिनात एरोशेलचं १५डब्ल्यू-५०च घाला, क्लबमधला इन्स्ट्रक्टर म्हणतो फिलिप्स एक्स/सी, आणि ऑफिसमधला कुणीतरी सांगतोय की गाडीचं मोबिल-१ घाला हो, ऑइल ते ऑइल, उगाच विमानाच्या नावाखाली लुटतात. शिवाय वर्षाला एकूण खर्च किती येईल आणि स्वतः काय काय करता येतं हेही विचारलंय.

मी मूळचा नाशिकचा, इकडे ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचा परवानाधारक) मेकॅनिक आहे आणि अ‍ॅन्युअल इन्स्पेक्शनवर, म्हणजे वर्षातून एकदाच्या सक्तीच्या तपासणीवर, सही करायचा आयएचा (इन्स्पेक्शन ऑथोरायझेशनचा) अधिकारही आहे, रोजचं काम म्हणजे असलीच चार सीटांची जुनी सेसना आणि पायपर. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक विचारतो, तुम्ही जे विमान बघताय त्याच्या इंजिनाची प्लेट वाचलीत का? कारण १९७७ ते १९८० च्या १७२एनमध्ये लायकोमिंगचं ओ-३२०-एच२एडी हे इंजिन येतं, १६० हॉर्सपॉवरचं, आणि तुमचा ऑइलचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. त्याआधीच्या १७२एमला ओ-३२०-ई२डी होतं, १५० हॉर्सपॉवरचं, अगदी गरीब स्वभावाचं इंजिन. एच२एडी आलं आणि त्यातल्या कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) आणि लिफ्टर (त्यावर टेकून व्हॉल्व्हला ढकलणारा तुकडा) यांच्या तक्रारी सुरू झाल्या, लिफ्टरच्या तोंडाचे पापुद्रे निघायचे आणि मग तो खडबडीत लिफ्टर कॅम खाऊन टाकायचा. शेवटी एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाने, एडी (पाळावाच लागणारा सुरक्षेचा आदेश) काढला, नंबर ८०-०४-०३, की या इंजिनात लायकोमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ हे झीज कमी करणारं अ‍ॅडिटिव्ह घातलंच पाहिजे. १९८१ पासून १७२पी आलं त्यात सेसनाने सरळ ओ-३२०-डी२जे बसवलं, म्हणजे काय ते समजा. पण म्हणून एच२एडी टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, नियमित उडालेली एच२एडी २००० तासांचा टीबीओ (इंजिन पूर्ण उघडून ओव्हरहॉल करायची मुदत) पार करून गेलेली मी हाताळली आहेत.

तर अ‍ॅडिटिव्ह. एडी आहे म्हणजे कायदा आहे, मर्जीचा विषय नाही. दोन मार्ग आहेत, एक म्हणजे ते आधीच मिसळलेलं ऑइल घ्यायचं, एरोशेल १५डब्ल्यू-५० आणि एरोशेल डब्ल्यू१०० प्लस या दोन्हींत ते असतं, फिलिप्सच्या व्हिक्टरी १००एडब्ल्यूमध्येही असतं. दुसरा म्हणजे साधं फिलिप्स एक्स/सी २०डब्ल्यू-५० किंवा साधं डब्ल्यू१०० घालायचं आणि दर ऑइल चेंजला ६ औंसाची एलडब्ल्यू-१६७०२ ची डबी वेगळी ओतायची. डबी महाग असते, आणि तिघांच्या पार्टनरशिपमध्ये ती कुणीतरी एकदा विसरणार हे नक्की, म्हणून मी मिसळलेलंच घ्या म्हणतो. म्हणजे तुमचा विकणारा बरोबर आहे, इन्स्ट्रक्टरही चूक नाही पण त्याचं उत्तर डबीशिवाय अपुरं आहे. आणि काहीही घातलं तरी लॉगबुकात तसं लिहायचं, अ‍ॅन्युअलला माझ्यासारखा माणूस ते शोधणार.

आता गाडीच्या ऑइलचं. गाडीच्या ऑइलमध्ये डिटर्जंट म्हणून कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या धातूंची संयुगं असतात, ती जळली की राख राहते. गाडीचं इंजिन पाण्यावर थंड होतं, फटी कमी असतात, वरती ऑइल फारसं जळतच नाही. विमानाचं हे इंजिन हवेवर थंड होतं, सिलिंडर तापून फुगतात म्हणून फटी मोठ्या ठेवलेल्या असतात, आणि ऑइल थोडं जळणारच हे गृहीत असतं. मग ती राख पिस्टनच्या डोक्यावर, प्लगवर साचते, लाल होते आणि स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. प्री-इग्निशनने पिस्टनला भोक पडायला मिनिटं पुरतात. विमानाच्या ऑइलमध्ये म्हणूनच अ‍ॅशलेस डिस्पर्संट असतं, बिनराखेचं. एरोशेल डब्ल्यू१०० मधला डब्ल्यू त्याचीच खूण, हिवाळ्याचा नाही, आणि १०० म्हणजे गाडीच्या भाषेतलं एसएई ५०, ८० म्हणजे ४०. नुसतं एरोशेल १०० असं लिहिलेला डबा वेगळा, ते मिनरल ऑइल, नवीन सिलिंडर बसवल्यावर रिंगा बसेपर्यंत पहिले साधारण ५० तास वापरायचं.

आणि पूर्ण सिंथेटिकचं म्हणाल तर ते मोबिलनेच करून बघितलंय. मोबिल एव्ही-१ नावाचं विमानासाठीचं शंभर टक्के सिंथेटिक ऑइल बाजारात होतं, ९० च्या दशकात मागे घ्यावं लागलं. कारण आपल्या विमानाच्या पेट्रोलमध्ये, १००एलएलमध्ये, शिसं आहे, गॅलनमागे २ ग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं, नाव लो लेड असलं तरी. जळून उरलेली शिशाची संयुगं रिंगांवरून खाली ऑइलमध्ये येतात आणि शुद्ध सिंथेटिकला ती पोटात धरून ठेवता येत नाहीत, करडा चिखल होऊन जिथे तिथे साचतात. म्हणून १५डब्ल्यू-५० सुद्धा अर्धंच सिंथेटिक आहे, उरलेलं अर्धं मिनरल, शिसं सांभाळायला. तुमच्या ऑफिसमधल्या त्या मोबिल-१ वाल्याला हे सांगा, तो तरीही ऐकणार नाही ते वेगळं.

मग १५डब्ल्यू-५० का डब्ल्यू१०० प्लस? यावर हँगरमध्ये तासन्‌तास वाद चालतात आणि खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे. मल्टिग्रेड, म्हणजे १५डब्ल्यू-५०, थंडीत पटकन वर चढतं, सुरू केल्या केल्या कॅमपर्यंत पोचतं. सिंगल ग्रेड, म्हणजे डब्ल्यू१०० प्लस, जाड असतं, इंजिन बंद केल्यावर भागांवर जास्त वेळ चिकटून राहतं असा अनेक मेकॅनिकांचा अनुभव आहे, माझाही. ओहायोत मी स्वतः मे ते ऑक्टोबर डब्ल्यू१०० प्लस आणि थंडीचे महिने १५डब्ल्यू-५० असं घालतो. ज्याला एवढी कटकट नको त्याने बारा महिने १५डब्ल्यू-५० घालावं, काही बिघडत नाही. लांबच्या एअरपोर्टवर ऑइल कमी दिसलं आणि तिथे दुसऱ्याच कंपनीचं मिळालं तर बिनधास्त टॉप-अप करा, विमानासाठीची मान्यताप्राप्त ऑइलं एकमेकांत चालतात. कमी ऑइलवर उडण्यापेक्षा केव्हाही बरं.

पण एवढा वेळ ब्रँडवर घालवला तरी माझं म्हणणं हे आहे की ब्रँडने या इंजिनाचं आयुष्य फारसं हलत नाही, विमान आठवड्याला उडतं का महिन्याला यानेच हलतं. लायकोमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. काँटिनेंटल या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनात खाली असतो, तिथे त्याला ऑइल मिळत राहतं. लायकोमिंग बंद केलं की वरचं ऑइल हळूहळू निथळून सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत, जातं आणि कॅम उघडा पडतो, बिडाचा तवा न वापरता ठेवला की जे होतं तेच. त्यात एक गॅलन पेट्रोल जळलं की जवळपास गॅलनभर पाणी तयार होतं, बहुतेक एक्झॉस्टमधून जातं पण थोडी वाफ रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य खोक्यात, उतरते, तिथे गार होऊन पाणी होते, ऑइलमधल्या आम्लांशी मिळते आणि गंज धरवते. मग तीन आठवड्यांनी तुम्ही स्टार्ट मारता, गंजाचे बारीक कण लिफ्टर आणि कॅमच्या मध्ये सापडतात, पॉलिश पेपरसारखं काम होतं, झालं.

यावर उपाय एकच, उडवा. जमिनीवर पंधरा मिनिटं इंजिन चालवून ठेवणं हा उपाय नाही, उलट सगळ्यात वाईट, कारण पाणी आत जातं आणि ऑइल इतकं तापत नाही की ते उडून जाईल. ऑइल १८० फॅरनहाइटच्या म्हणजे ८२ सेल्सियसच्या आसपास अर्धा-पाऊण तास राहिलं पाहिजे, त्याला प्रत्यक्ष उड्डाण लागतं. लायकोमिंगही आपल्या सर्व्हिस लेटरमध्ये हेच सांगतं की ग्राउंड रन हा उड्डाणाला पर्याय नाही. तुमच्या १९७८ सालच्या गेजवर मात्र विश्वास ठेवू नका, त्याचा प्रोब काढून उकळत्या पाण्यात बुडवून बघा काटा कुठे जातो ते, कित्येक गेज २०-३० डिग्री खोटं बोलतात. तिघं आहात हा खरं तर फायदा आहे, कॅलेंडरवर ठरवून टाका की दहा दिवसांत विमान उडालंच पाहिजे, ज्याची पाळी त्याने निदान तासभर उडवायचं. डिसेंबर-जानेवारीत १० फॅरनहाइटच्या खाली प्री-हीटशिवाय स्टार्ट करू नये असं लायकोमिंग सांगतं, एच२एडीच्या कुटुंबासाठी ती मर्यादा २० आहे, मी तर ३५-४० च्या खाली गेलं की हीटर लावतोच, इंजिनाला चिकटवलेला इलेक्ट्रिक हीटर मिळतो, आदल्या रात्री प्लग लावायचा. पण तो आठवडेच्या आठवडे चालू ठेवू नका, आतला ओलावा गरम होऊन वर चढतो आणि थंड जागी घाम धरतो.

किती ऑइल घालायचं तेही सांगतो, कारण दर वेळी नवीन मालक सम्प काठोकाठ भरतो आणि मग विमानाचं पोट काळं झालं म्हणून घाबरून फोन करतो. १७२एनचा सम्प ६ क्वार्टचा आहे (क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा जरासं कमी), ४ च्या खाली उडायचं नाही, आणि सेसनाच्याच पुस्तकात लिहिलंय की तीन तासांच्या आतल्या उड्डाणाला ५ क्वार्ट ठेवा, नाहीतर वरचं ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, बाहेर फेकलं जातं. फिल्टर बदलला की एक क्वार्ट जास्तीचं लागतं. खर्च किती होतो ते लिहून ठेवत जा. ६ ते १० तासांना एक क्वार्ट जात असेल तर निवांत राहा, लायकोमिंगच्या सूत्राने १६० हॉर्सपॉवरला कमाल मर्यादा तासाला अर्ध्या क्वार्टच्या जराशी वर येते पण तिथवर जाईपर्यंत कुणी थांबू नये. आकडा अचानक बदलला तर तो बदल महत्त्वाचा.

बदलायचं कधी, तर फुल-फ्लो फिल्टर असेल तर ५० तास, नुसती जाळी असेल तर २५, आणि दोन्हीत चार महिने, जे आधी होईल ते. हे चार महिने लोक सोयीस्कर विसरतात. २२ तासच झालेत हो म्हणतात, पण ते २२ तास आठ महिन्यांत झालेले असतात आणि ऑइलमध्ये तोवर पाणी, आम्ल आणि शिसं बसलेलं असतं.

आता स्वतः करण्याचं. अमेरिकेत एफएएच्या नियमांतल्या पार्ट ४३ च्या अपेंडिक्स ए मध्ये प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची यादी आहे, प्रायव्हेट पायलट आपल्या मालकीच्या विमानावर ती कामं स्वतः करून स्वतः सही करू शकतो, मेकॅनिक लागत नाही. ऑइल आणि फिल्टर बदलणं, स्पार्क प्लग काढून साफ करून गॅप लावणं, टायर बदलणं, बॅटरीची देखभाल, लँडिंग लाइटचा बल्ब, सेफ्टी वायर घालणं हे सगळं त्यात येतं. पहिल्या दोन वेळा कुणा मेकॅनिकला शेजारी उभं करा, मग आपलं आपण.

ऑइल चेंज असा करा. इंजिन गरम असताना, म्हणजे उडून आल्यावर, कारण घाण तेव्हा तरंगत असते, नंतर तळाला बसते. ड्रेनला पाइप लावा, पहिली धार जाऊ द्या आणि मधल्या धारेतून लॅबची छोटी बाटली भरून घ्या. सम्पमधली सक्शनची जाळी पण उघडून बघा, ती कित्येक वर्षं कुणी उघडलेली नसते. नवीन फिल्टरच्या गॅस्केटला डीसी-४ या सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा, टॉर्क रेंचने १६ ते १८ फूट-पाउंड, मग ०.०३२ इंच जाडीची सेफ्टी वायर, वायर अशी ओढलेली हवी की फिल्टर सैल व्हायला गेला तर ती ताणली जाईल. सेसनावर फिल्टरच्या अ‍ॅडॅप्टरसाठीही वेगळा एडी आहे, सैल होऊन ऑइल गेल्याच्या घटना आहेत, अ‍ॅडॅप्टरवरची टॉर्क पुट्टी (भाग हलला की तुटणारी रंगीत खूण) तुटलीय का ते दर वेळी बघायचं.

आणि जुना फिल्टर फेकायचा नाही, कापायचा. त्यासाठी कटर मिळतो, करवतीने कापू नका, करवतीचाच भुसा आत पडतो आणि मग रात्रभर झोप नाही. डबा कापला की आतला कागदाचा घडीदार पट्टा बाजूने चाकूने सोडवा, वाइसमध्ये दाबून ऑइल पिळून काढा, आणि उन्हात पांढऱ्या कपड्यावर पूर्ण लांबीचा पसरा. काळे ठिसूळ कण दिसतील, बोटात चुरडले की पीठ होतात, तो कार्बन, सोडून द्या. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे, चपटे, एका बाजूने आरशासारखे आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत, हे तुमच्या लिफ्टरचे किंवा कॅमचे पापुद्रे, आणि एच२एडीमध्ये आपण नेमकं तेच शोधतोय. दोन-चार बारीक केसासारखे कण असले तर फिल्टर नवीन घालून लवकर, १०-१५ तासांत परत कापून बघतात. चमचाभर निघाले तर विमान तिथेच उभं राहतं, घरी नेऊन मग बघू हा प्रकार नाही.

लॅबचा रिपोर्ट हा याच्या जोडीला, याच्या जागी नाही. लॅब फक्त अगदी सूक्ष्म कण मोजते, मोठा पापुद्रा त्यांच्या बाटलीत येतच नाही. लोखंड वाढलं तर सिलिंडर, कॅम, गंज, निकेल वाढलं तर बहुतेकदा एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे गाइड (व्हॉल्व्ह ज्यातून सरकतो त्या नळ्या), क्रोम म्हणजे रिंगा, सिलिकॉन म्हणजे एअर फिल्टरमधून धूळ येतेय. शिशाचा आकडा हजारोंत असतो, तो बघून घाबरू नका, ते पेट्रोलमधलं आहे. एका रिपोर्टवरून काही ठरवायचं नाही, पाच-सहा झाले की मग कल कळतो, म्हणून विकणाऱ्याकडे जुने रिपोर्ट असतील तर मागून घ्या.

मग लॉगबुक. मी माझ्या लोकांना असं लिहायला सांगतो: तारीख, टॅक (इंजिनाच्या तासांचं मीटर) ४३१२.६, ऑइल काढून एरोशेल डब्ल्यू१०० प्लस ७ क्वार्ट घातलं, एडी ८०-०४-०३ प्रमाणे अ‍ॅडिटिव्ह ऑइलमध्येच आहे, फिल्टर बदलला, जुना कापून तपासला, धातू नाही, इंजिन चालवून गळती तपासली, नाही. खाली सही, पायलट सर्टिफिकेटचा नंबर आणि प्रकार. लिहिताना अर्थातच इंग्रजीत लिहा. पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा अशा नोंदींचे पैसे मिळतात, कोऱ्या पानांचे कापले जातात.

शिशाचा अजून एक त्रास म्हणजे अडकणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. सकाळी थंड इंजिन सुरू झाल्यावर मिनिटभर खडखडतं, थरथरतं, मग एकदम गुळगुळीत होतं, याला इकडे मॉर्निंग सिकनेस म्हणतात आणि हे लक्षण दिसलं की पुढचं उड्डाण करायचं नाही, गाइड साफ करायचा. टॅक्सी करताना मिक्श्चर आक्रमकपणे लीन करा, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, त्याने शिसं आणि कार्बन कमी साचतो. बिनशिशाचं पेट्रोल येतंय येतंय म्हणतात ते हळूहळू येतंय खरं, कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लॅरा काउंटीने २०२२ च्या सुरुवातीलाच आपल्या एअरपोर्टवर १००एलएल विकणं बंद केलं, जीएएमआय कंपनीच्या बिनशिशाच्या जी१००यूएलला त्याच वर्षी एफएएची मंजुरी मिळाली. पण नॉर्थ डकोटा युनिव्हर्सिटीने २०२३ मध्ये आपला ताफा ९४यूएल या बिनशिशाच्या पेट्रोलवर नेला आणि काही महिन्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा झिजताना दिसल्यावर परत १००एलएलवर आणला. तुम्ही सध्या १००एलएलच धरून चाला.

खर्चाचा हिशोब. आमच्या बाजूचे ढोबळ आकडे देतो, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. हँगर महिना ४०० डॉलर धरा, मिळाला तर, वेटिंग लिस्ट लांब असते, म्हणजे वर्षाला ४,८००. विमा १,५००. अ‍ॅन्युअल आणि मधल्या दुरुस्त्या मिळून ४,०००, पहिल्या वर्षी दुप्पट धरा, कारण आधीच्या मालकाने ढकललेलं सगळं तुमच्या वाट्याला येतं. ही झाली १०,३०० ची बांधलेली रक्कम, विमान उडो न उडो. उडण्याचं म्हणाल तर तासाला साधारण साडेआठ गॅलन, साडेसहा डॉलरने ५५ डॉलर, ऑइल-फिल्टरचे ३, आणि इंजिन ओव्हरहॉलसाठी बाजूला टाकायचे २०, कारण ओव्हरहॉल आज ४०,००० च्या घरात जातं आणि २००० तासांवर वाटलं की तेवढे होतात. १०० तासांना ७,८००. एकूण १८,००० च्या आसपास, म्हणजे माणशी ६,००० आणि वाट्याला ३३ तास. क्लबचं १७२ तासाला १७० डॉलरने घेतलंत तर ३३ तासांचे ५,६०० होतात. म्हणजे पैसे वाचवायला विमान घेऊ नका, वाचत नाहीत. शनिवारी सकाळी उठून कुणाला न विचारता निघता यावं म्हणून घ्या. आणि ऑइलचा हिस्सा बघा, वर्षाला ३०० डॉलर, ब्रँड बदलून त्यात वाचतील ५०. कॅम गेला तर ४०,०००.

टाय-डाउन, म्हणजे बाहेर उघड्यावर बांधून ठेवणं, स्वस्त पडतं पण ओहायोच्या गारांत आणि दमटपणात बाहेर ठेवलेल्या विमानाचा गंज आणि उंदरांची घरटी मी अ‍ॅन्युअलला काढतो, त्यामुळे माझं मत हँगरकडे आहे.

आता एच-वन-बीचा मुद्दा, हा तुम्ही जाता जाता विचारलाय पण सगळ्यात आधी सोडवायचा हाच आहे. अमेरिकेत एन-नंबरचं, म्हणजे विमानाचं, रजिस्ट्रेशन व्यक्तीच्या नावावर करायचं तर ती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागते, आणि सहमालक असतील तर प्रत्येकजण. एच-वन-बीवाल्याचं नाव अर्जात घालता येत नाही. मग एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी, काढू असं सगळे म्हणतात, पण एलएलसीला नागरिक समजायला मतदानाच्या हक्काचा किमान ७५ टक्के हिस्सा अमेरिकन नागरिकांकडे लागतो, ग्रीन कार्ड तिथे मोजत नाहीत. तुम्ही तिघांत नागरिक एकही नाही. ट्रस्टचा रस्ता आहे, ट्रस्टी कंपन्या ते करतात, पण दरवर्षी फी. नाहीतर दोघांच्या नावावर घ्या, तिसऱ्याचं ग्रीन कार्ड झालं की त्याला आत घ्या, आणि मधल्या काळात त्याने कसं उडवायचं ते एव्हिएशनच्या वकिलाकडून आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या. मैत्रीत आहे हो आपलं, असं म्हणून सोडू नका, बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कसा मोजायचा तेही आत्ताच लिहून काढा.

खाली कमेंटमध्ये एकाने पुण्यात असं करता येईल का विचारलंय. करता येतं, पण व्हीटी (भारतातलं) रजिस्ट्रेशन, डीजीसीए या विमान नियामकाची कागदपत्रं, पार्किंगची जागा, परवानाधारक इंजिनिअर हे सगळं उभं करावं लागतं, आणि एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, मोजक्याच ठिकाणी मिळतं, इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतून देशी १००एलएल काढलं तोवर ते बाहेरूनच यायचं. त्यामुळे तिकडे हौशी लोक रोटॅक्स इंजिनाच्या मायक्रोलाइटकडे, म्हणजे अगदी हलक्या विमानांकडे, वळतात, एनसीसीची मायक्रोलाइटही रोटॅक्सवरच आहेत. रोटॅक्सचं ऑइलशास्त्र पूर्ण वेगळं, तिथे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात म्हणून एरोशेल स्पोर्ट प्लस ४ सारखं मोटरसायकलच्या जातीचं ऑइल लागतं, आणि साधं गाडीचं पेट्रोल त्याला जास्त मानवतं. वर सांगितलेलं डब्ल्यू१०० त्यात चुकूनही घालू नका.

राहता राहिली प्री-बाय, म्हणजे विकत घेण्याआधीची, तपासणी. ज्या मेकॅनिकने या विमानाचं अ‍ॅन्युअल करत आणलंय त्याच्याकडून ती करून घेऊ नका, दुसरा शोधा. फ्रेश अ‍ॅन्युअल आहे या जाहिरातीला फार किंमत देऊ नका. कंप्रेशन, म्हणजे ८० पीएसआय हवा दिली तर सिलिंडर किती धरून ठेवतो, ते बघाच, ६० च्या खाली असेल तर प्रश्न, पण हवा कुठून सुटते ते जास्त बोलतं, एक्झॉस्टमधून फुस्स आलं तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या नळीतून आलं तर रिंगा. बोअरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, व्हॉल्व्हचे फोटो घ्या. सीटच्या रुळांचा एडी २०११-१०-०९ झालाय का बघा, टेकऑफला पायलटची सीट मागे सरकून लोक गेलेत. एच२एडीमध्ये दोन्ही मॅग्नेटो (प्लगला स्पार्क देणारी यंत्रं) एकाच डबीत, एकाच ड्राइव्हवर असतात, तिची ५०० तासांची तपासणी कधी झाली ते विचारा. मागच्या पाच वर्षांत दर वर्षी किती तास उडालं ते लॉगबुकातून स्वतः बेरीज करून काढा, एकूण तास कमी आहेत याने हुरळून जाऊ नका, वर्षाला १५ तास उडालेलं विमान मला १०० तासवाल्यापेक्षा जास्त घाबरवतं.

आणि या इंजिनाची एक चांगली गोष्ट वापरा. बाकीच्या बहुतेक लायकोमिंगमध्ये लिफ्टर बघायला क्रँककेस फोडावी लागते, एच२एडीमध्ये ते बाहेरून काढता येतात. दोन-चार लिफ्टर काढून त्यांची तोंडं बघायला आणि त्या भोकातून कॅमवर नजर टाकायला अर्ध्या दिवसाची मजुरी पुरते, ती तुम्ही भरा. विकणारा याला नाही म्हणाला तर ते विमान तिथेच सोडा आणि १९७६ च्या आधीचं एखादं १७२एम बघा.